तीन वर्षांची भाकर

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "भाकरी खाता ना रोज?" आणि जिवनबाई म्हणाली, "आता खाते, अर्धी. मदी तीन वरसं सोडली व्हती." हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की बाई गुडघ्याला कुठलं तेल लावते ते सांगून राहिली असं कुणालाही वाटावं. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "सोडली होती? कशासाठी?" जिवनबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि फरशीकडे बघत म्हणाली, "ह्येंला तिकडं भेटत न्हवती." शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसलेला तिचा नवरा रतनसिंग तोवर रिपोर्टावरचा सात हा आकडा बघत होता. जिवनबाईच्या रक्तात जे बारा असायला पाहिजे ते सात होतं, एवढं त्याला कळलं होतं, आणि त्याच काळजीत तो होता. आता डॉक्टरीणबाईंनी मान वर करून जिवनबाईकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, बाईंना आपलं पोट आरपार दिसलं, आणि त्या पोटात तीन वर्षं काय काय गेलं तेही. बाई म्हणत होत्या, "गोळ्या देते, पण गोळ्यांनी पोट भरत नाही. अर्ध्या भाकरीवर बाई किती दिवस चालेल? महिन्याभरात वाढलं नाही तर नांदेडला नेऊन रक्त चढवावं लागेल." जिवनबाई म्हणाली, "भूकच लागत न्हाई बाई, सवय मोडली." रतनसिंगनं चिठ्ठी घेतली, घडी घातली, खिशात ठेवली, पुन्हा काढली आणि पुन्हा ठेवली.

तिकडं म्हणजे व्हिएतनामला. रतनसिंग साखर कारखान्यातला पॅनमन. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद कढईत उकळत ठेवायचा, त्यात दाणा धरायला लागला की अंगठा आणि बोट यांच्यामध्ये थेंब चोळून तो किती मोठा झाला ते ओळखायचं आणि नेमक्या वेळी कढई उतरवायची, हे त्याचं काम. वसमतकडच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढली, मग एका भारतीय कंपनीनं व्हिएतनाममध्ये घेतलेल्या कारखान्याला माणसं पाहिजेत असं कळलं आणि दोन हजार सालच्या दिवाळीनंतर तो गेला. दोन हजार तीनच्या दिवाळीला परत आला. त्यालाही आता अडीच वर्षं झाली होती. सेनगावजवळचा तांडा सोडून दोघं हिंगोलीत, कॉलनीतल्या स्वतःच्या घरात आली होती, पोरगा संतोष नांदेडला वसतिगृहात शिकत होता. आणि या सगळ्या काळात एकाच छपराखाली राहून, एकाच ताटाशेजारी बसून, या बाईनं त्याला हे सांगितलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्यानं विचारलं, "मला काहून सांगितलं न्हाई?" ती म्हणाली, "नेम सांगितला की मोडतो." "आन आज सांगितला तो?" "आज डाक्टरनं इचारलं. डाक्टरला खोटं सांगू न्हाई." रिक्षा मोंढ्याच्या रस्त्याला लागली. हळदीचा मोसम होता, पोत्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि हवेत ती पिवळी, जराशी कडवट धूळ होती. जिवनबाईनं पदर नाकाला लावला. मग पदराआडूनच, जणू हळदीला सांगावं तसं म्हणाली, "सोडलं त्येचं काई न्हाई. आता खायाला घेतलं तरी अर्धी झाली की तुमचं कागद आठवतं. हात थांबतो." आणि तिनं रिक्षा थांबवून कोथिंबीर घेतली, दोन रुपयांवरून भाजीवालीशी भांडली आणि जुडी त्याच्या हातात दिली.

ते पत्र. त्यानं ते लिहिलं तेव्हा तिथं जाऊन वीस दिवस झाले होते. समुद्राकाठचं क्वी न्यॉन नावाचं शहर, तिथून तासाभरावर उसाच्या रानात कारखाना, आणि शहरात एका घराच्या माडीवर कंपनीनं दिलेल्या खोल्या. रतनसिंगनं तोवर सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते येलदरीच्या धरणाचं. समुद्र बघून त्याला भीती वाटली नाही, वास आला. सगळ्या शहराला वास होता. मासे मीठ घालून मुरवतात आणि त्याचं पाणी काढून प्रत्येक पदार्थात घालतात, त्याचा तो वास. जिन्यात, गादीत, गल्लीत, पहिले आठ दिवस तर त्याला स्वतःच्या हातालाही यायला लागला. मेसचा स्वयंपाकी आंध्राकडचा होता, तिन्ही वेळ भात आणि चिंचेचं पाणी. ज्वारीचा माणूस भातावर किती दिवस काढणार? जेवून उठलं की तासाभरात पोट रिकामं, आणि पाळीवर कढईसमोर उभं राहिलं की डोळ्यांपुढे फुगलेली भाकर. त्यानं लिहिलं, इथं भाकर नाही. जवारी इथं कुणाला माहीत नाही. तीन वेळ भात खातो पण पोट भरत नाही, झोपताना भाकरीचा वास येतो. मी सुखरूप आहे, काळजी नसावी. शेवटची ओळ तर सगळेच लिहितात. जिवनबाई चौथी शिकलेली. तिनं ते पत्र बोटानं ओळ धरून स्वतः वाचलं असणार, एकदा नाही, पुष्कळदा. आणि मग तव्यावरची भाकर उतरवून गाईला घातली असणार. कुण्या देवाला सांगितलं नाही, गाजावाजा नाही. भाकरीचं नाव घेतलं नाही, बस.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती आणि ती त्याला घराचं कुलूप काढताना आठवली. त्याची आई, याडी, सेनगावच्या फोनवर ओरडून सांगायची, "तुजी बायको भातखाऊ झाली रे! नवरा परदेशात गेला आन बाईला भाकर गोड लागंना!" तांड्यात भात म्हणजे सणाचा, नाहीतर रेशनचा, नाहीतर श्रीमंताचा. भर सुगीत कोठीत नवी जवारी असताना एक बाई रोज भात शिजवते म्हटल्यावर तांड्यानं काय म्हणायचं? बायका विहिरीवर तिला मालकीणबाई म्हणायच्या. फुलसिंग नायकाच्या घरच्या लग्नात तिच्या ताटात मुद्दाम दोन भाकरी वाढल्या होत्या म्हणे, आणि तिनं त्या तशाच ठेवल्या होत्या म्हणे, आणि म्हणून तर तिचा तोरा सगळ्यांना दिसला होता. हे ऐकून तिकडं रतनसिंग हसला होता. त्याला बरंही वाटलं होतं. आपण कमावतो, बायको भात खाते, चांगलंच की. एकदा त्यानं तिला फोनवर चिडवलंही होतं, "काय भातखाऊबाई, बासमती चाललाय का?" पलीकडून ती म्हणाली होती, "व्हय, बासमती." आणि परत येताना त्यानं नांदेडला उतरून, हौसेनं, खांद्यावर दहा किलो बासमतीचं पोतं आणलं होतं! ते पोतं बघून ती हसली होती. किती हसली होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आत जाऊन तिनं पीठ मळलं होतं. त्या दिवशी तिनं खाल्लेली भाकर तीन वर्षांतली पहिली होती आणि तो समोर बसून तिला बासमतीची प्रत समजावून सांगत होता.

माणूस किती मूर्ख असू शकतो याला काही सीमा असावी, असं त्याला वाटलं. पण मूर्खपणापुरतंच असतं तर निभावलं असतं. तो उपाशी नव्हता, हे खरं दुखणं होतं. पत्रानंतर दोनेक महिन्यांनी मेसचा स्वयंपाकी काविळीनं घरी गेला आणि ज्यानं त्यानं आपलं बघावं असं झालं. शाकाहारी मंडळी पाव आणि केळी खाऊ लागली. रतनसिंग रात्रपाळी संपवून सकाळी नऊला कंपनीच्या गाडीतून समुद्राच्या रस्त्यावर उतरला, तेव्हा त्याला चक्कर येत होती. झाडाखाली एक साठीची बाई दोन पातेली मांडून बसली होती, भोवती वीतभर उंचीची निळी-लाल स्टुलं. त्याला त्यांच्या भाषेतले दोनच शब्द येत होते, तेवढे त्यानं पहिल्या दिवशीच पाठ केले होते. खोम बॉ, म्हणजे गाईचं नको. बाईला हसू आलं. तिनं दोन्ही कोपरं पंखांसारखी हलवली आणि बदकासारखी ओरडली. आसपासची माणसं हसली, रतनसिंगही हसला, आणि बसला. वाडगं आलं. पांढऱ्या तांदळाच्या शेवया, वर बदकाचं मांस, कोवळ्या बांबूच्या फोडी, मूठभर हिरवा पाला, आणि रश्श्यात काळपट लाल रंगाचे चौकोनी तुकडे. त्यानं चमच्यात एक तुकडा घेतला. जिभेला लागायच्या आधी गळ्याला कळलं. थिजवलेलं रक्त. सळोई.

सळोई म्हणजे तांड्याचा जीव. बोकड कापला की रक्त ताटात धरायचं, मीठ टाकून थिजू द्यायचं आणि मग चरबीत, कांद्या-मिरचीत परतायचं. होळीला, लग्नाला, याडी चुलीपुढं बसून ती करायची आणि ज्याचं लेकरू लहान त्याला आधी द्यायची. रतनसिंग कारखान्यात लागल्यावर एकदा कँटीनमध्ये कुणीतरी चारचौघांत विचारलं होतं, "काय राठोड, तुम्ही लोक रक्त खाता म्हणं?" आणि तो झटकन म्हणाला होता, "छे हो, ते जुने लोक." जुने लोक म्हणजे कोण? याडी. जिवन. तो स्वतः, मागच्याच होळीला. त्या एका वाक्यानंतर सळोई त्याला गिळताना अडकू लागली होती. इथं हिंगोलीला घर घेतल्यावर तर जिवननंही ती कधी केली नाही, भिंतीला भिंत लागून पद्माबाईंचं घर, त्यांना अंड्याचाही वास चालत नाही. आणि तिथं, हजार-बाराशे कोसांवर, भर रस्त्यात, सकाळच्या उन्हात, कचेरीला निघालेली इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं तेच तुकडे चवीनं खात होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्यानं सगळे तुकडे खाल्ले आणि वाडग्याकडे बोट दाखवून आणखी मागितले. बाईनं पातेल्यातून पळीभर वाढले, समोरच्या स्टुलावर बसली आणि तो संपवेपर्यंत बघत राहिली. रतनसिंगच्या डोळ्यांना धार लागली होती. तिला वाटलं, मिरची लागली. तिनं उसाचा रस आणून दिला, लिंबाएवढं आंबट संत्रं पिळलेला, बर्फ घातलेला. साखरवाल्याला उसाचा रस! पण असा रस त्यानं जन्मात प्यायला नव्हता.

तिला सगळे को साऊ म्हणायचे, सहावी आत्या. तिथं आत्या-मावश्यांना नावानं नाही, जन्माच्या क्रमानं हाक मारतात. त्या दिवसापासून रतनसिंगचं जेवण सहाव्या आत्याकडे. सकाळी मासळीच्या वड्यांचा रस्सा आणि शेवया; माशांची हाडं उकळून काढलेलं पाणी इतकं निर्मळ, की वाडग्याचा तळ दिसावा, आणि त्यात लिंबू, ठेचलेली मिरची, आणि हो, तेच माशाचं खारं पाणी, ज्याच्या वासानं तो पळत होता; सहा महिन्यांत त्याच्याशिवाय घास बेचव लागायला लागला. संध्याकाळी आत्याची सून तळहाताएवढ्या लोखंडी तव्यांवर तांदळाची धिरडी टाकायची, प्रत्येकात चारदोन जिवंत कोळंब्या, तव्यावर टुणकन उडणाऱ्या. झाकण ठेवलं की गप्प. ते धिरडं तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळायचं, आत कैरीच्या फोडी आणि पाला, आणि बुडवून खायचं. तीळ-खोबऱ्याचे जाड पापड कोळशावर भाजलेले. नवरी पहिल्यांदा माहेरी जाते तेव्हा शिदोरीला द्यायचे ते काळे, चिकट, केळीच्या पानातले गोड मुटके. आत्याच्या भाचीच्या लग्नात त्यालाही चार मिळाले होते, आणि तिचा नातेवाईक समजून कुणी तरी त्याच्याशी अर्धा तास बोललं होतं. एकदा बाजारात आत्यासोबत गेला असताना त्याला ओल्या हळदीचा वास आला. ती माशाला लावायला हळकुंडं घेत होती. त्यानं एक मोडून नाकाला लावलं आणि खुणेनं सांगितलं, हे आमचं. आत्यानं मान हलवली आणि खुणेनंच सांगितलं, हे आमचं.

आणि घरी? घरी तो पंधरा दिवसांनी फोन करायचा, सेनगावच्या बूथवर जिवनबाई जीपनं येऊन थांबलेली असायची, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवले का?" तो म्हणायचा, "खातो काईबाई." त्या काईबाईत सगळा समुद्र होता. सांगायला काय झालं होतं? लाज वाटली, दुसरं काय. घरदार सोडून कमवायला गेलेल्या माणसानं हाल काढावेत अशी रीत. हाल आहेत म्हटलं की घरी किंमत राहते, मजेत आहे म्हटलं की सगळ्यांना वाटतं हा सुटला. शिवाय परक्या बाईच्या हाताची चव बायकोला फोनवरून सांगणारा शहाणा अजून जन्मायचाय. पण याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे तो आजवर तोंड करून उभा राहिला नव्हता. दुसऱ्या वर्षी गळीत संपल्यावर त्याची रजा होती, तिकीट कंपनी काढणार होती. सोबतच्या संतराम फिटरचा बाप आजारी पडला आणि रतनसिंगनं आपली रजा त्याला दिली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. संतराम रडला. पण त्या दिवशी समुद्रावरून चालत येताना रतनसिंगला जे हलकं वाटलं होतं ते पुण्याचं नव्हतं. तिथं तो कुणाचा नवरा नव्हता, कुणाचा पोरगा नव्हता, राठोड नव्हता, तांड्याचा नव्हता. एक जेवणारा माणूस होता, त्याच्यासमोर वाडगं यायचं, तो संपवायचा आणि लोकांना आनंद व्हायचा. एवढं सोपं सुख त्याला आणखी थोडे दिवस पाहिजे होतं. त्या थोड्या दिवसांत इकडं कुणाची भाकर आणखी दीड वर्षानं लांबली, हे त्याला आज, डॉक्टरच्या स्टुलावर बसून कळलं.

दुपारचा एक वाजला होता. जिवनबाईनं डाळ फोडणीला टाकली, तवा गॅसवर ठेवला आणि परातीत पीठ घेतलं. रतनसिंग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसला, समोर ताट. सांगावं का? सांगितलं तर हिची तीन वर्षं पाण्यात जातात. विहिरीवरचे टोमणे, फुलसिंगच्या लग्नातलं ते ताट, सगळं एका खुशालचेंडू माणसासाठी सोसलं असं होतं. नाही सांगितलं तर ती तीन वर्षं सोन्याची राहतात, आणि हिचा हात अर्ध्या भाकरीवर थांबत राहतो, आणि सात आकडा सहावर येतो. त्यानं आयुष्यभर दाणा ओळखला होता. एक मिनिट आधी उतरवली की कढई पातळ, एक मिनिट उशिरा की दगड. इथं अंगठ्याला काहीच लागेना. जिवनबाईनं दोन भाकरी त्याच्या ताटात घातल्या, तिसरी तव्यावर टाकली. ही तिसरी मोडून अर्धी ती घेणार आणि अर्धी संध्याकाळला ठेवणार, हे त्याला माहीत होतं.

"जिवन," तो म्हणाला, "मी तिकडं उपाशी न्हवतो."

तिचा हात तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवत होता, तो फिरत राहिला.

"पयल्या दोन-अडीच म्हयन्यात व्हतो. कागद खरं व्हतं. मंग न्हवतो."

"मंग काय खात व्हते?"

"मासळी. बदक. तांदळाच्या शेवया, धिरडे."

"रोज?"

"रोज."

"पोट भरत व्हतं?"

"भरत व्हतं." इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "गोड लागत व्हतं, जिवन. लई गोड लागत व्हतं. आन दुसऱ्या वरसाची रजा मी संतरामला दिली ना, ते त्येच्या बापासाटी अर्धंच. अर्धं मलाच यायचं न्हवतं."

भाकर तव्यावर करपली. जिवनबाईनं गॅस बंद केला. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, अडीच महिने वजा करत असावी. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "मंग माझी भाकर कोनं खाल्ली?"

ती उठली आणि त्यांच्या घरच्या बोलीत, गोरमाटीत, त्याच्याबद्दल, त्याच्या समुद्राबद्दल आणि त्याला जन्म देणाऱ्या याडीबद्दल जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागच्या दाराला जाऊन तिनं घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. इतकी आदळली, की भिंतीवरून पद्माबाईंचं डोकं वर आलं आणि खाली गेलं. रतनसिंग तसाच बसून राहिला, ताटातल्या भाकरी गार होत होत्या. आपण तिच्याकडचं शेवटचं काहीतरी काढून घेतलं असं त्याला वाटलं. आत येऊन ती ताट भिरकावील, किंवा माहेरी जाते म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही. काहीच म्हणणार नाही, याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती.

भांडी थांबली. ती ओल्या हातांनी दारात उभी राहिली. "कोन करून घालत व्हतं?"

"एक म्हातारी. सहावी आत्या म्हनायचे तिला."

"हाताला चव व्हती?"

"व्हती."

"माझ्याहून?"

वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला असल्या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. पण आज त्याला ते द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, "पयल्या दिशी तिनं वाडगं दिलं, त्यात सळोई व्हती. बदकाची. तुकडे करून रश्श्यात सोडलेली. मी रडलो."

"सळोई?" ती दोन पावलं आत आली. "तिथं? सरळ रस्त्यावर?"

"सायबलोक खात व्हते, टाय लावून."

तिच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही. मग तिनं ओला हात तोंडावर दाबला, पण हसू बोटांतून सुटलंच. "टाय लावून! आन आपन हितं पद्माबाईला भिऊन म्हयने-म्हयने..." हसता हसता ती खाली बसली आणि तसंच रडायलाही लागली, ते दोन्ही कुठं वेगळं होत होतं ते कळेना. "तीन वरसं," ती म्हणाली, "घास घेतला की मला वाटायचं, तुमी तिकडं रिकाम्या पोटानं उभे हाव. भातबी गिळत न्हवता मला. एक शबुद टाकला असता फोनवर, येड्या मानसा. शिव्या दिल्या असत्या मी. पर जेवले असते ना."

"चुकलो," तो म्हणाला.

"म्हंजे ते कागद खोटं झालं."

"झालं."

"मंग सरका." तिनं त्याला पाटावरून उठवलं आणि स्वतः बसली, त्याच्याच ताटावर. "गॅस लावा. थापा."

"मला येत न्हाई."

"साखर शिजवाया येती, पीठ थापाया काय झालं? तीन वरसाची ऱ्हायलीय माझी. मी बसले हितं."

त्यानं करपलेली भाकर काढून तवा पुन्हा तापवला. ताटातली पहिली गार भाकर तिनं रागाच्या भरात डाळीत चुरून खाल्ली, दुसरीही. त्याची पहिली थापताना तीन ठिकाणी फाटली, कुठल्याशा देशाच्या नकाशासारखी तव्यावर पडली, एका बाजूनं कच्ची राहिली. ताटात घातली तेव्हा तिनं ती उलटसुलट करून बघितली, नाक उडवलं आणि मोडली. निम्मी खाऊन झाली. आणि मग त्याला दिसलं, तिचा हात थांबला. घास बोटांत धरलेला, नजर कुठंतरी फरशीवर. तो पिठाच्या हातानं तसाच तिच्यासमोर उकिडवा बसला आणि बोलू लागला, काय बोलतो आहे हे न ठरवता. एवढे एवढे तवे असतात, जिवन, तळहाताएवढे. त्यावर तांदळाचं पीठ सोडतात. आन कोळंबी जित्ती. तव्यावर पडली की उडी मारते, एकदा माझ्या सदऱ्यात येऊन पडली, सगळी गल्ली हसली. झाकण ठेवायचं, वाफ धरायची. मग पातळ पापडात गुंडाळायचं, आत कैरी...

"कैरी? धिरड्यात?" तिनं वर बघितलं, आणि हातातला घास तोंडात गेला.

"कैरी. आन पुदिन्यावानी पाला. मग बुडवायचं."

"कशात?"

"सांगतो. आधी खा."

तिनं उरलेली निम्मी भाकर डाळीला लावली, चावली, गिळली, आणि ताट पुसून त्याच्याकडे सरकवलं. "आन मंग?" भरल्या तोंडानं तिनं विचारलं. "आन मंग काय दिलं तिनं? वाढा."

रतनसिंगनं परातीत पीठ घेतलं.